पदरावरून नाडी

नागपूर, १२ जून १९७९

डॉक्टरांनी पदरावरून माझी नाडी धरली आणि यांना विचारले, "भूक लागते का?"

"लागते," हे म्हणाले.

"झोप?"

"झोपते बराबर."

मी भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर औषधकंपनीचे कॅलेंडर आहे, त्यावर एक गुबगुबीत मूल आहे. जून उजाडला तरी तिथे एप्रिलच होता. डॉक्टर टेबलाच्या काचेकडे पाहत होते. काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो आहेत. मग त्यांनी नाडी सोडली आणि यांना सांगितले की अशक्तपणा आहे. रामाजी कंपाउंडरने लाल औषधाची बाटली दिली. डोस कळावा म्हणून बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून दिली.

देवकी, मला अशक्तपणा नाही. डाव्या छातीत गाठ आहे. आवळ्याएवढी असेल. दाबली तर सरकत नाही, दुखतही नाही. इथे कोणाला सांगितलेले नाही. तुला सांगते, कारण तू नर्स आहेस आणि दूर आहेस.

तुझा बिलासपूरचा पत्ता मामांकडून घेतला. आपण बहिणी, पण बाबा गेल्यापासून मी तुला लिहिले नाही, तूही लिहिले नाहीस. ते आता राहू दे.

घरचा डॉक्टर असून त्याला का सांगत नाहीस, असे तू विचारशील. घरचा आहे म्हणूनच. हे गिरणीत लागले तेव्हा विम्याचे कार्ड मिळाले आणि पॅनेलवरच्या डॉक्टरांची यादी पुढे आली. कोणता डॉक्टर हवा ते कामगाराने सांगायचे, म्हणजे त्याचे आणि घरच्यांचे औषधपाणी त्या डॉक्टरकडे. यादीत मनोहररावांचे नाव होते. ते यांच्या गावचे, एकाच भावकीतले. त्यांच्या वडिलांनीच यांना गिरणीत चिकटवले. दुसऱ्या कोणाकडे कार्ड देण्याचा प्रश्नच आला नाही. घरचा डॉक्टर असताना परक्याच्या दारात काहून जावं, असे सगळे म्हणाले. मलाही तेव्हा बरे वाटले होते.

माणूस चांगला आहे. मुलांचे ताप-खोकले, यांचा टायफॉइड, सगळे त्यांनी नीट केले. पण ते यांच्याहून मोठे, म्हणजे माझे भासरे, थोरले दीर. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. ते समोर आले की पदर पुढे ओढते. त्यांनीही माझे तोंड पाहिलेले नाही. माझे दुखणे हे सांगतात. यांना जेवढे माहीत, तेवढे ते ऐकतात.

ही गाठ कशाची असते ते लिही. बाकी इथे ठीक आहे. हे कामावर जातात. उत्तर शेजारच्या प्रेमिलाच्या नावाने पाठव. पत्ता मागे लिहिला आहे.

मनकर्णा


नागपूर, ४ जुलै १९७९

देवकी,

पत्र मिळाले. गाठ कशाची ते तू लिहिले नाहीस. फक्त लिहिलेस की थांबू नकोस, बाईडॉक्टरला दाखव. म्हणजे मला कळले.

बाबांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. "परक्याचे मी काहीही करू शकते, त्यांचे मला करता आले नसते." त्यांनी तुझ्या नावाने आंघोळ केली होती, हे मी विसरलेले नाही. तरी ती ओळ मला पटली नाही. शेवटी ते पाणी मागतानाही तुझ्याच नावाने हाक मारत. असो.

प्रेमिलाला सांगावे लागले. सोबत कोणी तरी हवे होते. ती ऐकून काही रडली-बिडली नाही. म्हणाली, "भासरा तो भासरा, अन् वरतून डॉक्टर! तुले दुसरा भेटला नाही का वं?"

"मी कुठे निवडला?"

"मंग कोनं निवडला?"

"यांनी."

"अस्सं. मंग गाठ काय त्यायले आहे?"

आम्ही सक्करदऱ्याला एका बाईडॉक्टरकडे गेलो. तिने दार लोटले, पडदा ओढला, हात धुतले. दाबून पाहिले. काखेतही पाहिले. तिथे आणखी एक होती, लहान. मला ती माहीत नव्हती. मी कपडे नीट करेपर्यंत ती पाठ करून उभी राहिली. मग तिने विचारले, "विमा आहे?"

"आहे."

"कार्ड कोणाकडे लावलंय?"

मी नाव घेतले नाही. प्रेमिलाने घेतले.

ती म्हणाली, "मीही पॅनेलवर आहे. पण तुमचं कार्ड माझ्याकडे नाही. मी चिठ्ठी दिली तरी विम्याचं इस्पितळ ती घेणार नाही. ज्याच्याकडे कार्ड, त्याचीच चिठ्ठी तिथं चालते. चिठ्ठी असेल तर तपासणी, ऑपरेशन, राहणं, सगळं विम्यात बसतं. विमा तुमच्या यजमानांचा, तुम्ही त्यांच्या कुटुंबात आहात, तुमचा हक्क आहे. एक तर त्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा, नाही तर कार्ड माझ्याकडे बदलून घ्या. पण लवकर."

"लवकर म्हणजे?"

"लवकर म्हणजे लवकर, बाई."

परतताना प्रेमिला म्हणाली, तुझ्या भासऱ्याले मी सांगतो म्हटलं तर? मी नको म्हटले. तिने सांगितले तर सगळ्या आळीला सांगितल्यासारखे होईल, आणि ते यांना कळेल प्रेमिलाकडून. तेही बरे नाही.

सरकारी मोठ्या दवाखान्याचे तू लिहिलेस. तिथे चिठ्ठी लागत नाही, मला माहीत आहे. पण बाबा तिथेच गेले. वय झाले होते, दोष कोणाचा नाही. त्या व्हरांड्यात मी पुन्हा बसणार नाही. हे कारण नाही म्हणशील. माझ्यासाठी आहे.

गिरणी चालू आहे का, असे तू विचारलेस. हे हल्ली वाडीला जातात, ट्रकच्या गोडावूनात. बाकी ठीक.

मनकर्णा


नागपूर, २६ जुलै १९७९

देवकी,

गिरणी बंद आहे. होळीपासून बंद आहे. हे वाडीला माल उतरवतात. मागच्या पत्रात मी ते लिहिले नाही, कारण लिहिले की ते खरे होते.

कार्ड बदलायचे म्हणून मी विम्याच्या कचेरीत गेले. खिडकीतला माणूस पान खात होता, पण नीट बोलला.

"कार्ड कोणाचं?"

"घरच्यांचं."

"मग सही त्यायची पाहिजे. तुमचा विमा नाही बाई, त्यायचा विमा आहे. तुम्ही त्यायच्या कुटुंबात आहा म्हणून तुम्हाले मिळते."

"सही आणते."

"आना. पन आज फारम दिलं तरी नवीन डॉक्टरकडे नाव दिवाळीच्या तोंडावर चढन."

मी विचारले, गिरणी बंद आहे, मग कार्ड चालते का. त्याने पान दुसऱ्या गालात घेतले. म्हणाला, "मागं पगारातून जे हप्ते कापले, त्याच्यावर चालून राहिलं. दसऱ्यापावतर चालन. पुढं गिरणी उघडली तर ठीक, नाही तर बंद."

म्हणजे नवीन डॉक्टर मिळेल तेव्हा कार्ड नसेल. कार्ड आहे तोवर डॉक्टर तेच. मी हे तिथल्या बाकावर बसून दोनदा मनात फिरवले. दोन्ही वेळा तेच आले.

यांना सांगायचे ठरवले. आमची एकच खोली, सासूबाई दिवसभर तिथेच. म्हणून रविवारी तळ्यावर जाऊ म्हटले. हे म्हणाले, आज काय सण आहे? तळ्याच्या पाळीवर बसून मी सांगितले. यांनी बिडी पेटवली आणि ओढली नाही. ती हातातच विझली.

"किती दिवस झाले?"

"झाले बरेच."

"मले काहून नाही सांगितलं?"

यांनी विझलेली बिडी पाण्यात टाकली. म्हणाले, "मी सांगतो मनोहरभाऊले. उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी हे वाडीहून परस्पर दवाखान्यात गेले. अंधार पडता पडता परत आले. हातात लाल औषधाची बाटली होती, पट्टी लावलेली.

"काय म्हणाले?"

"गिरणीचं विचारत होते. कधी उघडते म्हणे."

"आणि माझं?"

यांनी बाटली फळीवर मागच्या बाटलीशेजारी ठेवली. "अशक्तपणा अजून गेला नाही, असं सांगितलं."

मी भाकरी टाकत होते. ती उलटली. हे माझ्यामागे उभे राहिले आणि हळू म्हणाले, "त्याच्यासमोर मी बिडी ओढत नाही, मनकर्णा. बायकोच्या अंगाचं नाव कसं घेऊ? तीन खेपा तोंडाशी आलं."

मला यांचा राग आला नाही. तुला येईल. मला काहीच आले नाही. भाकरी फुगली, ती मी यांच्या ताटात वाढली.

मनकर्णा


नागपूर, १८ ऑगस्ट १९७९

देवकी,

चिठ्ठी मिळाली. कशी मिळाली ते लिहिते. तू हसशील. हसलीस तरी चालेल.

सासूबाईंना सगळे माहीत होते. एका दुपारी मी न्हाणीतून आले तेव्हा त्या म्हणाल्या, "डाव्या हातानं बादली उचलत नाहीस तू हल्ली." मी म्हटले, हात दुखतो. "हात दुखतो! माह्या डोयात मोतीबिंदू आहे, मी आंधळी नाही. चार दिवस तुह्या आंघोया पाह्यल्या. चोळीची गाठ सोडाले किती वेळ लागते तुले?"

मग मी सांगितले. काखेतलीही सांगितली. कार्डाचे, दसऱ्याचे, यांनी आणलेल्या बाटलीचेही. त्या ऐकत सुपात तांदूळ निवडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "माहा चंद्रभान काय सांगन? तो लहानपनी पडला तरी मले येऊन सांगे, दुसराच पोरगा पडला म्हनून." आणि खडा फेकून म्हणाल्या, "भासरा म्हनजे काय वाघ आहे? माह्या भासऱ्याशी मी जात्यातून बोलत होती. 'जात्या, सांग, घरात दाने सरले.' तो ओसरीवरून म्हने, 'जात्या, सांग, उद्या आनतो.' असं घर चालोलं आम्ही. तुमी शिकल्या अन् मुक्या झाल्या."

"दवाखान्यात जातं कुठे आहे?"

"भिंत तर आहे?"

हे वाडीला गेल्यावर आम्ही दोघी निघालो. दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर आला. डॉक्टर उठून उभे राहिले, सासूबाईंना बसायला दिले. "बोला काकू. मोतीबिंदूचं काय ठरवलं?"

"मले काही झालं नाही. ही आली आहे. आता तू कान उघडे ठेव अन् तोंड बंद ठेव." मग माझ्याकडे वळल्या. "सांग वं. त्या कॅलेंडरले सांग."

कॅलेंडरवर आता जून आला होता. मूल तेच होते. मी पदर पुढे ओढला आणि मुलाकडे पाहून म्हणाले, "सांगा म्हणावं, छातीत गाठ आहे."

त्या खोलीत माझा आवाज पहिल्यांदाच निघाला. पलीकडे रामाजी बाटल्या धूत होता, तो थांबला.

डॉक्टरांनी खुर्ची फिरवली. तेही कॅलेंडरकडे पाहू लागले.

"कोणत्या बाजूला म्हणावं?"

"डावीकडे."

"दुखते का म्हणावं?"

"नाही."

"कधीपासून आहे?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

हे मी तुलाही लिहिले नव्हते.

"काखेत काही लागते का म्हणावं?"

"लागते. लहान आहे. सक्करदऱ्याच्या बाईडॉक्टरनं पाहिली."

आम्ही दोघेही त्या मुलाकडे पाहत होतो. त्याच्या हातात खुळखुळा आहे. एवढी वर्षे मी तो पाहिला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "आधी सांगायला पाहिजे होतं म्हणावं."

मी म्हणाले, "कोणी विचारलं नाही म्हणावं."

रामाजीने नळ सोडला. पाण्याचा आवाज येऊ लागला.

सासूबाई म्हणाल्या, "झालं ना? मंग लिही गा आता. का तेही कॅलेंडरनंच लिहावं?"

त्यांनी लिहिले. मध्ये एकदा थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लिहिले. शिक्का मारला. चिठ्ठी माझ्या हातात देता येत नाही, म्हणून टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. मी टेबलावरून उचलली.

आम्ही दारात आलो तेव्हा मागून ते म्हणाले, "कार्ड दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं असेल तर न्या. मी मनाला लावून घेणार नाही." हे ते कोणाला म्हणाले ते कळले नाही. सासूबाई वळून म्हणाल्या, "तुह्याकडे माहा मोतीबिंदू आहे नं."

बाहेर त्यांनी रिक्षा करू दिली नाही. चालतच आलो. वाटेत त्यांनी मला लिंबाची गोळी घेऊन दिली, मी लहान असल्यासारखी.

मनकर्णा


नागपूर, २ सप्टेंबर १९७९

देवकी,

इस्पितळात तपासणी झाली. डॉक्टर तरुण होता, मराठी येत नव्हते. "कब से है?" त्याने विचारले. मी सांगितले. "माँ को था? बहन को है?" मी सांगितले, माँ का पता नहीं, बहन को नहीं है, बहन नर्स है. त्याने हाताने पाहिले तेव्हा मी कुठे पाहावे असा प्रश्न आला नाही. त्याच्याकडेच पाहिले. तो कोणाचा कोण होता. त्याचे गाव मला माहीत नव्हते, त्याला माझे. हे बाहेर उभे होते. मी सगळे बोलले. जे विचारले नाही तेही बोलले.

सगळी छाती काढावी लागेल. नंतर विजेचा शेक देतात, तो दुसरीकडे. मी विचारले, विम्यात बसते का. तो म्हणाला, बैठता है, दसऱ्याच्या आधी दाखल होताय ते बरे झाले. ऑपरेशननंतर काय, ते मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. परका असला तरी काही गोष्टी त्यालाही सांगता येत नसाव्यात.

मनोहरराव परवा घरी आले होते. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा. ओसरीवर बसून यांच्याशी गिरणीचे बोलले, चहा घेतला. जाताना भिंतीकडे पाहून म्हणाले, "ऑपरेशन करणारा डॉक्टर चांगला आहे म्हणावं. मी चौकशी केली." मी आत चुलीशी होते. "बरं म्हणावं," मी म्हणाले. यांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा दाराकडे पाहिले. यांना अजून कॅलेंडरचे कोणी सांगितलेले नाही.

तुझी बाबांबद्दलची ओळ मी काल पुन्हा वाचली. आता कळली. पटली की नाही, ते ठरवलेले नाही.

येऊ का, असे तू विचारलेस. ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही. आलीस तर नर्स म्हणून येऊ नकोस. नर्स इथे पुष्कळ आहेत.

उद्या दाखल व्हायचे आहे. सासूबाई दिवसा माझ्याजवळ बसणार आहेत. त्यांचेही नाव विम्यात आहे; म्हणाल्या, हप्ते कापले नं, मी काय फुकट बसून राहिली तिथं? प्रेमिला घरचे पाहील. पत्र अजून चिकटवलेले नाही.

मनकर्णा


३ सप्टेंबर, सकाळ

खाट मिळाली, खिडकीजवळ. हे पायथ्याशी पिशवी धरून उभे होते. नर्स आली, नाव विचारले, वय विचारले. मग विचारले, "भूक लागते का?"

यांनी तोंड उघडले.

मी म्हणाले, "नाही लागत."

तिने ते लिहून घेतले.